दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पोलीस अधिकाऱ्याची गणवेशचिन्हं: ओळख, नोंद आणि जतन

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि इटलीच्या मोर्चावर लढले. त्यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार वस्तू सापडल्या: कोटाच्या कापडासकट कापून काढलेला, रुपेरी तारेनं भरलेला गरुड, हिरव्या कापडावरच्या दोन कॉलरपट्ट्या, आणि दोन सोनेरी चांदण्यांची एक खांदापट्टी. हे सगळं संग्रहालयाला द्यायचं आहे. देण्याआधी स्वच्छ करावं का? हे नक्की कोणाचं? खरं की बनावट? आणि संग्रहालय अशा वस्तूचं करतं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नुकसान तिथेच होतं. काहीही साफ करू नका. धुवू नका, घासू नका, इस्त्री करू नका. गरुडाभोवतीचं कापड ‘नीट दिसावं’ म्हणून कातरू नका, लोंबणारे दोरे ओढू नका. गुंडाळलेलं वर्तमानपत्र फेकू नका. त्याची तारीख आणि आवृत्तीचं गाव हा पुरावा आहे. वस्तू ट्रंकेत कुठल्या कप्प्यात होत्या, सोबत कुठली कागदपत्रं होती, याचे मोबाइलवर फोटो काढा. मग घरातल्या मोठ्या माणसांकडून जे ऐकलंय ते आजच लिहून काढा. कोणी सांगितलं, त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं, हे वेगवेगळं लिहा. पणजोबांचं पलटणीतलं सेवापुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर त्याची प्रत काढा. या वस्तूंचा त्यांच्याशी संबंध जोडणारा सगळ्यात भक्कम दुवा तोच असेल.

आता ओळख. तुमच्या वर्णनावरून हे लष्कराचं नाही, गणवेशधारी जर्मन पोलिसांचं, म्हणजे ऑर्डनुंग्सपोलित्सायचं आहे. 17 जून 1936 रोजी एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा प्रमुख हिमलर याला सगळ्या जर्मन पोलिसांचाही प्रमुख नेमलं गेलं. त्यानं पोलिसांचे दोन भाग केले. गेस्टापो, म्हणजे गुप्त राजकीय पोलीस, आणि गुन्हे शाखा हा साध्या वेशातला भाग हायड्रिशकडे गेला, आणि गणवेशातले सगळे पोलीस कुर्ट डालुएगेकडे. शहरी पोलीस, खेड्यांतले शिपाई, नगरपालिकांचे पोलीस, जलपोलीस आणि अग्निशमन दलसुद्धा या दुसऱ्या भागात आले. 1940 च्या मध्यापर्यंत हे दल अडीच लाखांच्या घरात पोचलं होतं.

या सगळ्यांना एकाच घाटाचा गणवेश होता आणि शाखेनुसार रंग. शहरी पोलिसांना पानासारखा उजळ हिरवा, ग्रामीण पोलिसांना नारिंगी, नगरपालिकांच्या पोलिसांना वाइनसारखा गडद लाल, प्रशासकीय पोलिसांना फिकट करडा, जलपोलिसांना पिवळा. हा रंग कॉलरपट्टीच्या कापडावर, खांदापट्टीच्या अस्तरावर आणि कोटाच्या कडेच्या पायपिनवर दिसतो. खालच्या हुद्द्यांत दंडावरचा गरुडही शाखेच्याच रंगाच्या दोऱ्यानं विणलेला असे. अधिकाऱ्यांचा मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या रुपेरी तारेनं हातानं भरलेला.

गरुड कुठला हे त्याच्या चौकटीवरून ठरतं. पोलिसांच्या गरुडाभोवती ओकच्या पानांचा लंबगोल हार असतो आणि तो डाव्या दंडावर शिवला जाई. जर्मन लष्कराचा गरुड उजव्या छातीवर, हाराविना पंख पसरलेला. एसएसचा गरुड डाव्या दंडावरच, पण त्यालाही तो लंबगोल हार नाही. सुरुवातीच्या वर्षांत खालच्या हुद्द्यांच्या गरुडावर जिल्ह्याचं किंवा शहराचं नाव भरलेलं असे. असं नाव सापडलं तर निम्मं काम तिथेच झालं. अधिकाऱ्यांच्या तारेच्या गरुडावर ते बहुधा नसतं.

कॉलरपट्टीत गफलत होण्याचा धोका जास्त. दोन समांतर पट्ट्यांची ती नक्षी जर्मन लष्करातही होती आणि पोलिसांतही. फरक मागच्या कापडात आहे. लष्करी अधिकाऱ्याच्या कॉलरपट्टीचं कापड गडद बाटलीहिरवं असतं आणि शाखेचा रंग फक्त नक्षीतल्या बारीक रेघेत दिसतो. पोलिसांच्या पट्टीत मागचं सगळं कापडच शाखेच्या रंगाचं असतं. ऐंशी वर्षं ट्रंकेत राहिलेला उजळ हिरवा फिका पडून फसवू शकतो. म्हणून रंग पुढून पाहू नका. पट्टीची कड जिथे आत दुमडलेली असते, तिथे उजेड पोचलेला नसतो. तो मूळ रंग.

खांदापट्टीवरून हुद्दा कळतो. दोऱ्या सरळ समांतर असतील तर लेफ्टनंट ते कॅप्टन या टप्प्यातला अधिकारी. दोऱ्या वेणीसारख्या गुंफलेल्या असतील तर मेजर ते कर्नल. प्रत्येक टप्प्यात आधी चांदणी नाही, मग एक, मग दोन असा चढता क्रम. तुमच्या पट्टीवर दोन चांदण्या आहेत. दोऱ्या सरळ असतील तर तो ‘हाउप्टमन’, म्हणजे कॅप्टन. गुंफलेल्या असतील तर ‘ओबर्स्ट’, म्हणजे कर्नल. दोरीत तपकिरी रंग मिसळलेला दिसला तर तो अधिकारी नव्हे, खालचा हुद्दा.

चांदण्या मागून पाहा. प्रत्येक चांदणीला दोन पाय असतात; ते पट्टीतून आरपार घालून मागे दुमडलेले असतात. सरळ दोऱ्यांच्या पट्टीवर दोन चांदण्यांच्या मध्ये आणखी एक जुनं, आता रिकामं भोक दिसलं, तर आधी एकच चांदणी मध्ये होती आणि बढतीच्या वेळी ती हलवून दुसरी लावली, असं वाचता येतं. त्या जागी दोऱ्यांवर कमी मळ आणि चांदणीच्या टोकांनी पडलेला दाब राहतो. दहापट भिंगाखाली हे स्वच्छ दिसतं. आणि हेच ‘सरळ करून’, दाबून, ओल्या फडक्यानं पुसून एका दुपारीत नाहीसं होतं. साफ न करण्याबद्दल मी हट्ट धरतो तो या कारणानं. या वस्तूंची किंमत चकाकीत नाही. टाक्यांत, भोकांत, मळाच्या रेषेत आणि उडालेल्या रंगात आहे. हा बिल्ला खरंच कोणाच्या तरी अंगावर होता, हे तेवढंच सांगतं.

गरुडाच्या मागच्या कापडालाही तीच गोष्ट लागू. कापड लोकरीचं, हिरवट करडं असावं. कडेचे टाके हातशिलाईचे की यंत्राचे, दोरा सुती की कृत्रिम, मागच्या अस्तरावर घामाचा पिवळेपणा आहे का, हे सगळं नोंदवायचं. गरुड कोटावरून उसवला असता तर त्याच्याखालचं कापड न विटलेलं, गडद राहिलं असतं. तुमच्याकडे कापडासकट कापून काढलाय. हे सैनिकांनी आठवण म्हणून काढलेल्या वस्तूंत नेहमी दिसतं: चाकूनं घाईत कापलेली, वेडीवाकडी कड. ती कड नीट करू नये. ताबा कसा बदलला याची ती नोंद आहे.

इटलीचा दुवा पटण्याजोगा आहे, पण तो सिद्ध झाला असं समजू नका. उत्तर इटलीत जर्मन पोलिसांच्या पलटणी होत्या. दक्षिण टिरोलमधल्या पुरुषांची भरती करून उभारलेली बोत्सेन पोलीस रेजिमेंट त्यांपैकीच. 23 मार्च 1944 रोजी रोममधल्या व्हिया राझेल्ला या रस्त्यावर तिच्या तुकडीवर प्रतिकार चळवळीनं हल्ला केला, त्यात 33 जण मेले. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी आर्देआतीनच्या खाणींत 335 लोकांना ठार मारलं. मराठा पलटणी त्या मोर्चावर होत्याच: यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या लढाईसाठी, आणि नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती 2 मे 1945 रोजी अमलात आली आणि त्यानंतर कैद्यांकडून, गोदामांतून, सोडून दिलेल्या ठाण्यांतून अशी चिन्हं सैनिकांच्या हाती आली. ती विकलीही गेली, बदललीही गेली. म्हणून नोंदीत ‘इटलीतून आणल्याचं कुटुंब सांगतं’ असं लिहायचं, ‘इटलीतल्या अमुक तुकडीचं’ असं नाही. तुकडी दाखवणारं तुमच्या चार वस्तूंत काहीच नाही.

चारही वस्तू एकाच कोटाच्या आहेत का, हाही वेगळा प्रश्न. कॉलरपट्ट्या आणि खांदापट्टीच्या अस्तराचा हिरवा एकच आहे का, झीज सारखी आहे का, शिवायचा दोरा एकाच जातीचा आहे का, हे पाहायचं. जुळलं तरी ‘बहुधा एकाच गणवेशावरच्या’ इतकंच म्हणता येतं. न जुळलं तर चार स्वतंत्र वस्तू म्हणून नोंद करायची. त्यात कमीपणा काही नाही.

खरं-खोटं. या चिन्हांना बाजारात मोठी मागणी आहे म्हणून नकला उदंड आहेत, आणि काही चांगल्या साठ वर्षांपूर्वीच्याही आहेत, म्हणजे आता त्याही जुन्या दिसतात. ट्रंकेतून, कुटुंबाच्या कागदांसह निघालेली वस्तू विकत घेतलेल्या वस्तूपेक्षा कितीतरी विश्वासार्ह, तरी तपास करायचाच. अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च धरा. 1950 च्या आसपासपासून कपड्यांच्या धाग्यांत आणि साबणात उजळवणारी रसायनं सर्रास आली. ती निळसर पांढरी झगमगतात. भरतकामाखालचा दोरा किंवा मागचं कापड असं चमकलं तर संशय घ्या. पण कोणी ती वस्तू नंतर आधुनिक पावडरीनं धुतली असेल तर अस्सलही चमकते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. दोरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर लोकरीवर खवले दिसतात, रेयॉनवर लांबीच्या दिशेनं रेघा, पॉलिएस्टर काचेसारखा गुळगुळीत. पॉलिएस्टर युद्धानंतरच बाजारात आलं, तेव्हा मूळ टाक्यात ते सापडलं तर तो टाका नंतरचा. नायलॉननं मात्र काही ठरत नाही. तो युद्धाआधीच आला होता. धागा जाळून वास घेण्याची पद्धत दुकानात ठीक, संग्रहालयाच्या वस्तूवर कधीच नाही. मागे शिक्का किंवा कागदी लेबल असेल तर त्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा, कारण नक्कल करायला तेच सर्वांत सोपं.

धातू कुठला हे ठरवलं की पुढची काळजी ठरते. अ‍ॅल्युमिनियमची तार चांदीसारखी काळी पडत नाही. ती मंद करडी होते आणि दमट, खारट हवेत तिच्यावर पांढरी पावडर येते. काळपट, पिवळट किंवा हिरवट डाग असतील तर ती चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार आहे, म्हणजे जुनी किंवा महागाची. अधिकाऱ्यांच्या गरुडावर वापरलेली तार सरळ नसते. बारीक स्प्रिंगसारखी पोकळ गुंडाळी असते, जिला आपल्याकडचे जरदोजीकाम करणारे सलमा म्हणतात. तिचे तुकडे कापून पुठ्ठ्याच्या किंवा सुती भरण्यावर मण्यांसारखे ओवून शिवतात. त्यामुळे ओलं फडकं फिरवलं की पाणी पोकळीत शिरतं, आतला पुठ्ठा फुगतो, जुना सुती दोरा तुटतो आणि सलम्याचे तुकडे एकामागून एक गळायला लागतात. चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, पितळेची पावडर यांतलं काहीही वाईटच. सोडा आणि अमोनियासारखे क्षारी पदार्थ अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवतात, आणि पॉलिशची भुकटी टाक्यांत अडकते ती परत निघत नाही. चांदण्यांकडेही लक्ष द्या. युद्ध लांबलं तसा पितळेऐवजी जस्त वापरात आला. जस्तावरचा मुलामा पापुद्र्यासारखा उडतो आणि खाली करडा, पांढऱ्या भुकटीचा थर दिसतो. तो खरवडू नका.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोजे या कामाला बरे नाहीत, त्यांचे तंतू तारेत अडकून ती ओढली जाते. वस्तू दोन बोटांनी न उचलता पुठ्ठ्यावर सरकवून न्यायची.

प्रयोगशाळेत जी साफसफाई होते ती कोरडी आणि थोडीच. हेपा गाळणीचा, शोषण कमी-जास्त करता येणारा व्हॅक्यूम. त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी. आणि अगदी मऊ ब्रशनं धूळ जाळीकडे ढकलायची. ब्रश तारेच्या दिशेनं फिरवायचा, आडवा नाही. आधी भिंगाखाली ढिल्या टाक्यांच्या जागा नोंदवून घेतात आणि तिथे हातच लावत नाहीत. सुटत आलेला सलमा रेशमाच्या बारीक धाग्यानं जागच्या जागी बांधतात, आणि तो धागा नवा आहे हे नोंदीत लिहितात. इतकं झालं की थांबायचं.

आता कसर. लोकरीच्या वस्तूचा सगळ्यात मोठा शत्रू उजेड नसून ही अळी आहे, आणि ट्रंकेतून निघालेलं लोकरीचं काहीही इतर संग्रहात नेण्याआधी वेगळं ठेवायलाच हवं. खूण ओळखायला सोपी: कापडाला बारीक कातरल्यासारखी भोकं, रेशमी जाळं आणि वाळूसारखे बारीक दाणे. त्या दाण्यांचा रंग खाल्लेल्या लोकरीचाच असतो, म्हणून हिरव्या पट्टीखाली हिरवे दाणे दिसले तर अळीनं तीच पट्टी खाल्ली आहे. दुसरी जात गालिच्याच्या भुंग्याची. तिच्या केसाळ, तपकिरी कात मागे राहतात. घरचे डांबरगोळे घालू नका. त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे आणि वस्तूत मुरते. खरा उपाय गारठवणं: वस्तू आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळून जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालायची, हवा काढून पिशवी बंद करायची, आणि उणे 30 अंशांवर 3 दिवस किंवा उणे 18 वर 14 दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी किमान 24 तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट तारेवर जमतं. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे 18 वर टिकेलच याची खात्री नसते, म्हणून हे काम संग्रहालयाच्या फ्रीजरवरच सोपवा. तोवर वस्तू पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत, घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवल्या तरी पुरे.

जुन्या ट्रंकांत आणखी एक धोका असतो. पूर्वी लोकरीवर आर्सेनिक, पारा, डीडीटी यांसारखी विषं शिंपडत. पांढरी भुकटी दिसली तर ती झटकू नका, हुंगू नका, आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. त्यातलं आर्सेनिक आणि पारा संग्रहालयात क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्रानं तपासतात. त्याच यंत्रानं तार आणि चांदण्या कुठल्या धातूच्या आहेत हेही कळतं.

साठवण. मुंबई, कोकण, गोव्यासारख्या दमट, खारट हवेत हा भाग निर्णायक ठरतो. लक्ष्य सापेक्ष आर्द्रता 45 ते 50 टक्के, आणि मुख्य म्हणजे ती स्थिर. एक दिवस 40 आणि दुसऱ्या दिवशी 75 असं होत राहिलं तर कापड, पुठ्ठा आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि टाके तुटतात. आम्लमुक्त पुठ्ठ्याची खोकी, आत पॉलिथिन फोमचा तुकडा कोरून प्रत्येक वस्तूसाठी खळगा, वर टिश्यू. लोकरीसाठी क्षार न घातलेला टिश्यू घ्यावा. पीव्हीसी, रबर, थर्माकोलवरचा गोंद, साध्या लाकडाची फळी हे सगळं टाळायचं. चांदीचा मुलामा असेल तर लोकरीचा कोटसुद्धा जवळ नको, कारण लोकरीतलं गंधक चांदी काळी करतं. नवं साहित्य वापरण्याआधी मोठी संग्रहालयं ऑडी चाचणी करतात: साहित्याचा तुकडा शिसं, तांबं आणि चांदीच्या पट्ट्यांसोबत बंद काचेत, 60 अंशांवर, पूर्ण आर्द्रतेत, 28 दिवस. पट्ट्या खराब झाल्या तर ते साहित्य बाद.

आर्द्रता स्थिर ठेवायला पेटीत ओलावा शोषणारं सिलिका जेल घालतात. ते किती? बऱ्यापैकी हवाबंद पेटीसाठी दर घनमीटरला 20 किलो हे जुनं, अनुभवानं टिकलेलं प्रमाण आहे. 30 × 20 × 10 सेंटिमीटरची पेटी म्हणजे 6 लिटर, म्हणजे 120 ग्रॅम. पण पुडीतलं पूर्ण सुकवलेलं जेल तसंच घालू नका. ते पेटी फार कोरडी करतं आणि पुठ्ठा वाकतो. जेल आधी 45 ते 50 टक्के आर्द्रतेच्या वातानुकूलित खोलीत पसरून, वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं, मग वापरायचं. रंग बदलणारं निळं जेल कोबाल्टचं असतं, ते टाळावं, नारिंगी घ्यावं. सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा आकडा लिहा.

नोंदक्रमांक वस्तूवर थेट लिहायचा नसतो. कापडासाठी न रंगवलेल्या सुती फितीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून ती फीत मागच्या बाजूला, आधीच्याच मोकळ्या विणीतून दोन-तीन सैल टाके घालून लावतात. वस्तू इतक्या लहान असतील तर फीत पेटीच्या खळग्यालाच बांधलेली बरी. पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा थर देऊन त्यावर शाईनं क्रमांक लिहिण्याची पद्धत धातूसाठी आहे. कापडावर तो थर कधीच द्यायचा नाही. कॉलरपट्ट्यांची जोडी एकाच क्रमांकाखाली अ आणि ब अशी. प्रत्येकीचा पुढून, मागून आणि कडेनं फोटो, रंगपट्टी आणि मापपट्टीसह, आणि एक फोटो एका बाजूनं तिरका उजेड टाकून. तिरक्या उजेडात दाबाच्या खुणा आणि जुनी भोकं उठून दिसतात.

मांडणीचा नियम रंगानं ठरतो. हिरवा आणि नारिंगी रंग सहज उडतात, म्हणून 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं एकक) वर उजेड नको आणि अतिनील किरण गाळलेले हवेत. रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस दाखवलं तर 1,20,000 लक्स-तास होतात. मी याला संमती देणार नाही. तीन महिने दाखवलं तर साधारण 30,000 लक्स-तास. मग वस्तू काही वर्षं अंधारात आणि जागी फोटो. म्हणून देणगीपत्रात ‘कायम प्रदर्शनात ठेवावी’ अशी अट घालू नका. चांगलं संग्रहालय अशी अट मान्य करणार नाही, आणि करायलाही नये.

याहून अवघड प्रश्न फलकावर काय लिहायचं हा. ऑर्डनुंग्सपोलित्साय हे वाहतूक आणि चोऱ्या सांभाळणारं दल होतं, अशी समजूत युद्धानंतर जर्मनीत दीर्घकाळ टिकली. युद्धगुन्ह्यांच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालात एसएस, गेस्टापो आणि एसडी (एसएसची गुप्तहेर शाखा) या संघटना गुन्हेगार ठरल्या. गणवेशधारी पोलीस दल त्या यादीत नव्हतं, आणि त्यातले पुष्कळ लोक पुन्हा पोलिसांत रुजू झाले. डालुएगेला मात्र प्रागमध्ये ऑक्टोबर 1946 मध्ये फाशी झाली. प्रत्यक्षात हेच गणवेश घातलेल्या पोलीस बटालियनांनी सामूहिक हत्या केल्या. 27 जून 1941 रोजी बिआविस्तोकमध्ये 309 व्या बटालियननं मोठं सिनेगॉग आत कोंडलेल्या लोकांसह पेटवून दिलं. त्या दिवशी सुमारे 2,000 ज्यू मारले गेले. ऑगस्ट 1941 मध्ये कामेनेत्स-पोदिल्स्कीत तीन दिवसांत 23,600 लोकांना गोळ्या घातल्या, त्यात 320 वी बटालियन होती. 13 जुलै 1942 रोजी युझेफूव्ह गावात हॅम्बुर्गच्या 101 व्या राखीव बटालियननं सुमारे 1,500 ज्यूंना मारलं. त्या बटालियनमध्ये बरीच माणसं मध्यमवयीन, नागरी कामधंद्यातून भरती केलेली होती.

फलकावर हे यायलाच हवं, पण एका माणसाच्या नावावर मारायचं नाही. तुमची खांदापट्टी हुद्दा सांगते, हिरवा रंग शाखा सांगतो. त्या अधिकाऱ्यानं काय केलं हे त्यातलं काहीच सांगत नाही. नाव असतं तर बर्लिनच्या जर्मन संघीय अभिलेखागारात त्याची नोंद शोधता आली असती. नाव नसताना नमुना असा असावा: ‘जर्मन गणवेशधारी पोलीस, शहरी शाखा, कॅप्टनच्या हुद्द्याची खांदापट्टी, 1936 ते 1945. अॅल्युमिनियमची तार, लोकर. मालक अज्ञात. मराठा लाइट इन्फंट्रीतल्या सैनिकाच्या कुटुंबाकडून. या दलाच्या बटालियनांनी पूर्व युरोपात लाखो ज्यूंच्या हत्येत भाग घेतला.’ (हुद्दा अर्थातच दोऱ्या पाहून ठरवायचा.)

भारतातल्या प्रेक्षकांसाठी एक जादा वाक्य लागतंच. गरुडाच्या पायाशी असलेलं चिन्ह आपल्या दारावरच्या स्वस्तिकासारखं दिसतं. इथे ते नाझी राजवटीचं अधिकृत चिन्ह म्हणून आलं आहे, हे फलकानं स्पष्ट सांगावं, मुलांच्या उंचीला वाचता येईल अशा जागी. मखमलीवर, खास झोताखाली, पदकासारखं मांडू नये. साध्या करड्या कापडावर, सपाट, आणि शक्य असेल तिथे त्याच दलाच्या बळींबद्दलच्या कागदपत्राशेजारी. जर्मनीत म्युन्स्टरमधलं व्हिला टेन होम्पेल हे याचं चांगलं उदाहरण आहे. ती इमारत 1940 ते 1944 या काळात त्या प्रदेशाच्या गणवेशधारी पोलिसांचं मुख्यालय होती. आज तिथे या दलाचा इतिहास सांगणारं स्मृतिस्थळ आहे.

कायद्याचं थोडं. भारतात 1972 च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू शंभर वर्षांची असावी लागते, त्यामुळे या चिन्हांना नोंदणीची गरज नाही. जर्मनीत नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन दंडनीय आहे, पण शिक्षण, संशोधन आणि इतिहासासाठी अपवाद आहे. जर्मन संस्थेला पाठवायचं असेल तर आधी पत्रव्यवहार करा आणि पार्सलवर वस्तूचं नेमकं वर्णन लिहा. विक्रीच्या जाहिरातींना उत्तर देऊ नका.

कुठे द्यायचं? जिथे युद्धकाळाचा संग्रह आहे, जतनाची सोय आहे आणि वस्तूचा अभ्यास करणारं माणूस आहे, अशा ठिकाणी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनकेंद्र आहे. निदान सल्ल्यासाठी तिथे विचारायला हरकत नाही. पलटणीचं संग्रहालय हा दुसरा पर्याय, कारण पणजोबांची कथा तिथे पूर्ण लागते. देणगीपत्रात वस्तूंची यादी, क्रमांकासह फोटो, मालकी कोणाची होती, छायाचित्रांचे हक्क, आणि कुटुंबाचं नाव फलकावर द्यायचं की नाही, हे लिहून घ्या. वर्तमानपत्र, पणजोबांचे कागद आणि ट्रंकेचे फोटो याच देणगीत जाऊ द्या. त्यांच्याशिवाय ती चार चिन्हं निव्वळ बाजारातली वस्तू होतात.

नेताना प्रत्येक वस्तू टिश्यूत वेगळी, फोमच्या खळग्यात, आणि पेटी हातात. चांदण्यांची टोकं तारेला लागणार नाहीत इतकं अंतर ठेवा. पेटी गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका.